ग्रीक भांडे कुठले, हे कसे ठरवतात?

प्रश्न असा आहे: संग्रहालयांत प्राचीन ग्रीक भांड्यांखाली 'कॉरिंथियन', 'अ‍ॅटिक', 'लॅकोनियन', 'पूर्व ग्रीक', 'अपुलियन' अशी नावे लिहिलेली असतात, ती कशाच्या आधारे देतात? ही खरोखरच निरनिराळ्या प्रदेशांची वळणे आहेत, की एकाच कलेचे एकामागून एक आलेले कालखंड? आणि यांतली बरीच भांडी इटलीत सापडली असतील, तर त्यांना ग्रीक का म्हणायचे? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

एखाद्या भांड्याला प्रदेशाचे नाव देताना तीन वेगळ्या गोष्टींचा विचार होतो: माती कुठली, चित्र काढणाऱ्याचा हात कुठे घडलेला, आणि भांडे सापडले कुठे. या तिघांची साक्ष एकाच गावाकडे बोट दाखवील असे नाही. अभ्यासाच्या पहिल्या शंभर वर्षांत बहुतेक नावे तिसऱ्या साक्षीवरून, म्हणजे सापडण्याच्या जागेवरून पडली आणि त्यांतली पुष्कळशी चुकीची ठरली. तरीही काही आजतागायत फलकांवर टिकून आहेत. म्हणून माझा शिरस्ता असा, की भांडे हाती आले की ते आधी उलटे करून बूड पाहायचे आणि कुठे टवका उडालेला असेल तर तिथली उघडी माती पाहायची. चित्राकडे वळायचे ते त्यानंतर.

अथेन्सच्या, म्हणजे अ‍ॅटिका प्रदेशाच्या मातीत लोह भरपूर असते, त्यामुळे ती भाजल्यावर नारिंगी-लाल होते. कॉरिंथची माती चुनखडीयुक्त. ती फिकट पिवळसर भाजते आणि कधीकधी तिच्यावर हिरवट झाकही दिसते. नॅक्सोस बेटाच्या मातीत अभ्रकाचे कण उजेडात चमकतात. स्पार्टाचे, म्हणजे लॅकोनियाचे कुंभार आपल्या फिकट तपकिरी भांड्यांवर साईच्या रंगाचा लेप देत, तर आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे आणि त्याला लागून असलेल्या बेटांवरचे कुंभार पांढऱ्या लेपावर गडद तपकिरी रंगाने चित्र काढीत. रंगाचा हा फरक डोळ्यांना दिसतो, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण एकाच भट्टीत जाळ कमीजास्त झाला तरी छटा बदलते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मातीतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धती, विशेषतः न्यूट्रॉनच्या माऱ्याने केलेले पृथक्करण, हाती आल्या आणि अनेक जुन्या वादांचा निकाल लागला.

अथेन्सला या मातीचा काय फायदा झाला, हे भट्टीची रीत समजल्याशिवाय कळत नाही. ग्रीक भांड्यावरचा तो तुळतुळीत काळा थर हा रंगही नव्हे आणि काचेची झिलईही नव्हे. तीच माती पाण्यात वारंवार निवळून, तिचा अत्यंत बारीक अंश वेगळा काढून, त्याचा दाट लेप कुंचल्याने लावीत. भट्टी साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सियसच्या दरम्यान तापे आणि जाळ तीन टप्प्यांत दिला जाई. पहिल्या टप्प्यात हवा मोकळी असे, त्यामुळे भांडे आणि लेप दोन्ही लाल होत. दुसऱ्या टप्प्यात झरोके बंद करून ओली लाकडे टाकीत. प्राणवायू तुटल्याने सगळेच काळे पडे आणि त्याच वेळी बारीक लेपाचे कण एकमेकांत वितळून घट्ट होत. तिसऱ्या टप्प्यात हवा पुन्हा आत सोडली की भांड्याचे सच्छिद्र अंग परत लाल होई, पण लेपात आता हवा शिरू शकत नसल्याने तो काळाच राही. जर्मनीतल्या टेओडोर शुमान यांनी ही रीत प्रयोगाने सिद्ध करून १९४२ साली प्रसिद्ध केली. अथेन्सच्या लोहयुक्त मातीवर या पद्धतीने लाल आणि काळ्याचा जो उठाव मिळतो, तो कॉरिंथच्या फिकट मातीवर मिळत नाही. शिवाय कॉरिंथच्या भांड्यांवरचा काळा थर पुष्कळदा मंद दिसतो आणि पापुद्र्यांनी सुटलेला असतो. अथेन्सच्या यशाचे श्रेय चित्रकारांच्या प्रतिभेला देण्याची प्रथा आहे. माझ्या मते निम्मे श्रेय तिथल्या खाणींना द्यायला हवे.

आता काळाचा प्रश्न. प्रदेश आणि काळ हे दोन वेगळे धागे आहेत, मात्र प्रत्येक काळात कुणीतरी एक प्रदेश पुढे असतो. इ. स. पू. १०५० ते ९०० या काळात अथेन्समध्ये दुपदरी-तिपदरी कुंचले कंपासला बांधून समकेंद्री वर्तुळे काढण्याची रीत रुळली. त्यानंतर सुमारे दोन शतके चाललेल्या भौमितिक शैलीत जवळजवळ प्रत्येक प्रदेशाची स्वतःची ओळख तयार झाली. अथेन्सच्या दिपिलॉन दफनभूमीतले दीड मीटरहून उंच भांडे, ज्यावर मृताच्या तिरडीभोवती हात डोक्यावर घेऊन उभी असलेली माणसे आहेत, ते इ. स. पू. ७५०च्या सुमाराचे. आर्गोसच्या कुंभारांना घोड्याचा लगाम धरलेला माणूस आवडे. युबीआ बेटावरचे लोक काठाखाली लोंबणारी अर्धवर्तुळे काढलेले वाडगे करीत, आणि हे वाडगे सायप्रस व सिरियाच्या किनाऱ्यापर्यंत सापडतात, कारण युबीआचे लोक त्या काळातले सर्वांत धाडसी दर्यावर्दी व्यापारी होते.

मातीचे प्याले, माणसे आणि लिपी कशी फिरत होती, याचा सर्वांत बोलका पुरावा १९५४ साली नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर मिळाला. इ. स. पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका थडग्यात निघालेला हा प्याला पूर्व एजियन समुद्राकडच्या वळणाचा आहे. त्यावर नंतर ओरखडून लिहिलेल्या तीन ओळी युबीआच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे आहेत. मजकूर असा, की (होमरच्या काव्यातला राजा) नेस्टरचा प्याला पिण्यास उत्तम खरा, पण जो या प्याल्यातून पिईल त्याला लगेच सुंदर मुकुट ल्यालेल्या अफ्रोडाइटीची, म्हणजे प्रेमदेवतेची, ओढ लागेल. बनावट पूर्वेची, अक्षरे युबीआची, थडगे इटलीतले. एका शब्दाचा फलक लावायचा झाला तर कोणता लावणार?

कॉरिंथ मात्र फारसा घोळ न होता ओळखू येते. इ. स. पू. ७००च्या सुमारास तिथे काळ्या आकृत्यांची पद्धत जन्मली: आकृती काळ्या लेपाने भरायची आणि आतले तपशील भाजण्यापूर्वी टोकदार अवजाराने कोरायचे, म्हणजे रेघेत खालची फिकट माती दिसते. ही सवय धातूच्या कामातून आलेली असावी, असे त्या रेषांची धार पाहून वाटते. कॉरिंथचा मुख्य माल म्हणजे सुगंधी तेलाच्या मुठीएवढ्या कुप्या. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक कुपी आहे, उंचीला सात सेंटिमीटरही नाही. तोंडाच्या जागी आ वासलेल्या सिंहाचे मुंडके, पोटावर ढाली घेतलेल्या योद्ध्यांची झटापट, तिच्याखाली घोड्यांची शर्यत आणि सर्वांत खाली, नखाच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात, सशामागे लागलेले शिकारी कुत्रे. भिंग घेऊन पाहिले तरी रेघ कुठे चुकलेली दिसत नाही. इ. स. पू. ६४०च्या सुमाराच्या या कामाची बरोबरी त्यानंतर कॉरिंथला स्वतःलाही करता आली नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या शतकात मागणी वाढली तसे काम घाऊक झाले. पट्ट्यांमागून पट्टे प्राण्यांचे, आणि मधली प्रत्येक मोकळी जागा ठिपकेदार फुलांनी भरलेली. नवख्याला एक खूण सांगतो: कॉरिंथच्या पट्ट्यात सिंहाचा चेहरा बाजूने दाखवतात आणि चित्त्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा चेहरा नेहमी समोरून, आयाळ पुसट झाली असली तरी तेवढ्यावरून दोघे वेगळे करता येतात. कॉरिंथजवळ पेंतेस्कूफिया इथे सापडलेल्या मातीच्या चित्रफलकांच्या शेकडो तुकड्यांवर कुंभारांनी स्वतःचेच काम रंगवले आहे. त्यांत माती खणणारे मजूर आहेत आणि पेटलेल्या भट्ट्यांशी उभे असलेले कारागीरही आहेत. ग्रीक कुंभारकामाचे याहून जवळचे दर्शन दुसरीकडे कुठे होत नाही.

इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याला कॉरिंथच्या काही कार्यशाळांनी आपल्या फिकट भांड्यांवर नारिंगी लेप फासायला सुरुवात केली, उघडच अथेन्सच्या मालासारखे दिसावे म्हणून. बाजार हातचा गेल्याची ही कबुली होती. अशा भांड्यावर चित्र पाहून फसगत होते. बुडाशी पिवळी माती दिसली की उलगडा होतो.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस आणि आसपासच्या शहरांत इ. स. पू. सातव्या शतकाच्या मध्यापासून रानबकऱ्यांची शैली चालली. पांढऱ्या लेपावर चरणाऱ्या बकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या पाठीवर मागे वळलेली लांब शिंगे, आणि आतला तपशील कोरून न काढता रंगातच रेघ रिकामी सोडून दाखवलेला. या दोन सवयी, इकडे कोरणे आणि तिकडे रेघ सोडणे, म्हणजे मुख्य ग्रीस आणि पूर्व किनारा यांच्यातला सर्वांत भरवशाचा भेद आहे, निदान इ. स. पू. ६००पर्यंत. त्यानंतर पूर्वेकडचे काही चित्रकारही कॉरिंथकडे पाहून कोरू लागले. ही भांडी ऱ्होड्स बेटावरच्या थडग्यांत मोठ्या संख्येने निघाल्यामुळे त्यांना फार काळ 'ऱ्होडियन' म्हटले जाई. या शैलीची उत्तराधिकारी असलेली फिकेल्लुरा शैली तर ऱ्होड्सवरच्या एका दफनभूमीच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात मातीच्या पृथक्करणाने ती बहुतांशी मिलेटसची ठरली. इराणी सैन्याने इ. स. पू. ४९४ मध्ये मिलेटस उद्ध्वस्त केले, तोवर ही परंपरा ओसरत आली होती.

खिओस बेटाचे पेले या सर्वांत नाजूक. भिंती पातळ, बाहेर शुभ्र लेप, आतून काळे आणि त्या काळ्यावर लाल-पांढऱ्या रंगात कमळे. इजिप्तमधल्या नॉक्रातिस या ग्रीक व्यापारी वसाहतीच्या उत्खननात त्यांचे ढीग निघाले, तेव्हा हा माल तिथलाच, असा समज झाला होता. काही पेल्यांवर देवतेला अर्पण करणाऱ्याचे नाव भाजण्याआधीच रंगवलेले आहे, म्हणजे गिऱ्हाइकाने मागणी नोंदवून भांडे करून घेतले होते.

पण चुकीच्या नावाची सर्वांत सुरस कहाणी स्पार्टाची. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक प्याला आहे, इटलीतल्या व्हुल्ची इथे सापडलेला, इ. स. पू. ५६०च्या सुमाराचा. आतल्या गोल चित्रात उत्तर आफ्रिकेतल्या किरीनीचा राजा अर्केसिलास छताखाली बसला आहे. त्याच्यासमोर भला मोठा तराजू टांगलेला, माणसे पोती भरत आहेत, तोलत आहेत, एकजण आकडा सांगत असावा असा हात पुढे करून उभा आहे. तुळईवर माकड, राजाच्या आसनाखाली बांधलेला चित्ता, मागे पाल, वर पक्षी. आणि खालच्या कोठारात पोती रचली जात आहेत. माल लोकर आहे की सिल्फियम ही औषधी वनस्पती, यावर अजून वाद चालतो. असे चित्र किरीनीतच काढले गेले असणार, या तर्काने एकोणिसाव्या शतकात या संपूर्ण गटाला 'किरीनाइक' म्हणत. पुढे १९०६ ते १९१० या वर्षांत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी स्पार्टातल्या आर्तेमिस ऑर्थिया मंदिराचे उत्खनन केले आणि तिथे याच भांड्यांचा पूर्वजांपासून वंशजांपर्यंतचा सलग क्रम थरांमागून थरांत निघाला. माल स्पार्टाच्या प्रदेशातला ठरला. कलेशी वैर असलेले कठोर लष्करी नगर, ही स्पार्टाची प्रतिमा ज्यांच्या मनात पक्की आहे त्यांनी हा प्याला जरूर पाहावा. साईच्या रंगाचा लेप आणि काठाशी देठांनी जोडलेल्या डाळिंबांची ओळ, या लॅकोनियन मालाच्या खुणा लक्षात ठेवाव्यात.

अथेन्सच्या शेजारच्या बिओशिया प्रदेशाबद्दल फार लिहीत नाही; तिथले बरेच काम शेजाऱ्यांची नक्कल आहे. अपवाद थीब्झजवळच्या काबिरी देवस्थानातल्या खोलगट प्याल्यांचा. त्यांवर वीरपुरुषांची उघड थट्टा केलेली आहे. एका प्याल्यावर होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस दोन घड्यांच्या तराफ्यावर त्रिशूळ घेऊन, पोट सुटलेल्या अवस्थेत, वाऱ्याच्या फुंकरीपुढे धावतो आहे.

सायक्लेडीज बेटांतली मोठी 'मेलियन' भांडी मेलोसवर मिळाली म्हणून मेलियन; ती पॅरोसची असण्याची शक्यता आज अधिक मानली जाते. 'कॅल्सिडियन' भांड्यांना ते नाव त्यांवरच्या अक्षरांमुळे मिळाले, कारण लिपी युबीआतल्या कॅल्सिसची आहे. पण ती बहुधा दक्षिण इटलीतल्या रेगियन इथे, म्हणजे कॅल्सिसच्याच वसाहतीत तयार झाली. इथे लिपीच्या साक्षीची मर्यादाही दिसते. इ. स. पू. पाचव्या शतकापर्यंत प्रत्येक ग्रीक प्रदेशाची अक्षरे थोडी निराळी असत, आणि भांड्यावर नाव लिहिलेले असेल तर ती फार उपयोगी पडतात. मात्र अक्षरे लिहिणाऱ्याचे मूळ गाव सांगतात, तो बसला होता ते गाव सांगतातच असे नाही. रोममधल्या 'चिगी' नावाच्या सुरईवरची चित्रे निःसंशय कॉरिंथच्या परंपरेतली आहेत, पण नावांची अक्षरे कॉरिंथची नाहीत.

अथेन्सच्या शैलीबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे फक्त बाजाराचा मुद्दा घेतो, कारण इटलीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सने काळ्या आकृत्यांची पद्धत कॉरिंथकडून घेतली आणि इ. स. पू. ५३० ते ५२०च्या दरम्यान ती उलटी करून, पार्श्वभूमी काळी आणि आकृती मातीच्या लाल रंगात सोडलेली, अशी नवी पद्धत आणली. कोरण्याऐवजी आता कुंचल्याने रेघ ओढायची होती, आणि स्नायू, डोळा, वस्त्राची चुणी यांत मोकळीक आली. याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते मध्य इटलीतले एट्रुस्कन धनिक. निकोस्थेनिस नावाच्या कुंभाराची सही शंभरहून अधिक भांड्यांवर आहे. त्याने एट्रुस्कन लोकांच्या काळ्या भांड्यांचा चपट्या कानांचा घाट उचलला, त्यावर अथेन्सची चित्रे काढवून घेतली आणि हा माल जवळजवळ सगळा चेर्वेतेरी या एट्रुस्कन शहराच्या बाजारात पाठवला. आकार इटलीचा, माती आणि हात अथेन्सचे. एट्रुस्कन लोक मृतांना दगडात कोरलेल्या खोल्यांत ठेवीत, त्यामुळे भांडी अखंड राहिली. ग्रीसमध्ये वस्तीत वापरलेली बहुतेक भांडी फुटून उकिरड्यात गेली. म्हणूनच अठराव्या शतकात या सगळ्याच भांड्यांना 'एट्रुस्कन' म्हणत, आणि जोसाया वेजवुड यांनी १७६९ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या नव्या कारखान्याला एट्रुरिया, म्हणजे एट्रुस्कनांचा प्रदेश, हे नाव दिले ते याच समजुतीतून. १८२८ पासून व्हुल्चीत हजारो भांडी निघाली, त्यांवरच्या ग्रीक सह्या आणि अथेन्सची लिपी वाचली गेली, तेव्हा कुठे ही समजूत मावळली.

याच्या उलट प्रकारही आहे. चेर्वेतेरीत निघालेले, चाळीसच्या आसपास संख्येचे, लाल-पांढऱ्या रंगांनी खुललेले पाण्याचे घडे पूर्वेकडून तिथे येऊन स्थायिक झालेल्या ग्रीक कारागिरांनी केले. माती इटलीची, हात आयोनियाचा, म्हणजे आशिया मायनरच्या ग्रीक किनाऱ्याचा. माझ्या दृष्टीने हे ग्रीकच काम आहे, पण कुणी त्याला एट्रुस्कन कलेच्या दालनात ठेवले तर मी भांडणार नाही.

इ. स. पू. ४४० ते ४३०च्या सुमारास दक्षिण इटलीतल्या ग्रीक शहरांनी लाल आकृत्यांची भांडी स्वतःच करायला घेतली. पहिल्या कारागिरांचा हात इतका अथेन्सच्या वळणाचा आहे, की ते तिथेच शिकले असावेत. पुढे लुकानिया, अपुलिया, कँपानिया, पेस्टम आणि सिसिली अशा पाच शाखा झाल्या. हजारो भांड्यांची ही वाटणी प्रामुख्याने ए. डी. ट्रेंडल या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या विद्वानाने आयुष्यभर एकेक हात ओळखून केली. अपुलियाची भांडी सर्वांत जास्त आणि सर्वांत मोठी. मीटरभराहून उंच, पांढऱ्या-पिवळ्या रंगांची रेलचेल, मधोमध छोट्या देवळीसारख्या समाधीत उभा मृत तरुण. काहींना बूडच नाही, कारण ती थडग्यावर ठेवण्यासाठीच केली होती. कँपानियाची माती फिकट, म्हणून तिच्यावर लालसर लेप फासलेला आढळतो. कॉरिंथची जुनी युक्ती इथे पुन्हा भेटते. पेस्टमच्या आस्तेआस या चित्रकाराने आपली सही केली, आणि विनोदी नाटकांचे प्रसंग रंगवण्यात या भागाचा हात कुणी धरू शकत नाही.

प्रत्यक्ष भांड्यासमोर उभे असताना क्रम असा ठेवावा: आधी माती आणि लेप, मग घाट, मग रेघ कोरलेली की सोडलेली, मग अक्षरे असतील तर ती, आणि सापडण्याची जागा सर्वांत शेवटी, तीही फलकावर दिली असेल तर. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. विशेषतः अपुलियातली असंख्य थडगी विसाव्या शतकात चोरट्यांनी फोडली, आणि त्यांतला माल जागेची नोंद पुसून जगभर विकला गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली विकत घेतलेले, अथेन्सचा चित्रकार युफ्रोनिओस याचे सुप्रसिद्ध भांडे चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून काढले होते, आणि ते २००८ मध्ये इटलीला परत गेले. त्याच्यावर युफ्रोनिओसची सही आहे, त्यामुळे ते अथेन्सचे, यावर कधीच वाद नव्हता. गमावले ते एवढेच, की त्याच्याशेजारी आणखी कोणती भांडी, कुठल्या शहरांची, त्या थडग्यात ठेवली होती. सही नसलेल्या भांड्याच्या बाबतीत अशा शेजाऱ्यांवरूनच काळ ठरतो, आणि तो पुरावा परत मिळत नाही. फलकावर सापडण्याच्या जागेचा उल्लेख नसेल, तर वर दिलेले प्रदेशाचे नाव माती आणि हात पाहून दिलेले अनुमान आहे असे समजून वाचावे.